तुझा हात माझ्याकडे आहे

१२ जून

डावऱ्या,

आशीर्वाद वगैरे मागाहून. आधी एक विचारते, त्याचं सरळ उत्तर दे. तुझा डावा हात तुला परत हवाय का?

पत्र फाडायला घेतलं असशील तर थांब. एका हातानं आणि दातांनी कागद फाडताना तुझी काय फजिती होते ते मी पाहिलंय. मी थट्टा करत नाहीये. ताईचं डोकं फिरलं म्हणशील, तर तेही नाही. डोक्यात काहीतरी झालंय हे खरं, पण फिरलेलं नाही.

गेल्या महिन्यात वर्कशॉपमध्ये एका गृहस्थांच्या कृत्रिम पंजाला नखं बसवत होते. नख चिमट्यात धरलं, डाव्या हातानं पंजा दाबून धरायला गेले, तर धरलाच जाईना. खाली पाहिलं. आमचं टेबल तुला माहीत आहे, वाळत ठेवलेले सिलिकॉनचे पंजे त्यावर कायम पसरलेले असतात. त्या सगळ्यांत माझा हात कुठला, तेच मला कळेना. एकेक निरखून पाहिला. सगळे मीच केलेले, सगळे सारखेच ओळखीचे. हाक मारायला गेले तर जीभ उचलेना.

मेंदूच्या उजव्या अंगात गुठळी अडकली होती म्हणे. उजवा मेंदू डाव्या अंगाचा कारभार बघतो. इस्पितळात पाय परतला, तोंड सरळ झालं, आणि जीभ तर तुझ्या भावोजींच्या मते पहिल्यापेक्षा धारदार होऊन आली. हातसुद्धा हलतो. पाचही बोटं हलतात. फक्त तो माझा नाही.

डॉक्टरीणबाईंनी तो उचलून माझ्यासमोर धरला आणि विचारलं, "हा कुणाचा हात?" मी पाहिलं. माझ्याच खांद्यापासून निघालाय हे मला दिसत होतं, मी काही आंधळी नाही. तरी तोंडातून निघालं, "माझ्या धाकट्या भावाचा."

तुझे भावोजी म्हणाले, "अगं, त्याला तो हात नाहीये."

मी म्हटलं, "म्हणूनच."

आता तू म्हणशील, इतकी वर्षं तोंडाला कुलूप आणि आता हात अडकल्यावर भाऊ आठवला. बोलणं मी टाकलं नव्हतं, तू टाकलंस. आणि कशावरून? एका म्हणीवरून!

कळव.

तुझी ताई


२५ जून

डावऱ्या,

उत्तर नाही. बरं. मीही तुझीच बहीण आहे, मी लिहीत राहीन. उजवा हात माझा आहे, त्याला कुणाची परवानगी लागत नाही. कागद दाबून धरायला मात्र पंजाचा साचा ठेवलाय, कारण डाव्याला सांगितलं तर तो कागद धरतो आणि मग सोडत नाही.

डॉक्टरीणबाई तरुण आहेत, पण समजावून सांगतात. मेंदूत आपल्या अंगाचा नकाशा असतो, त्यातला एक तुकडा पुसला गेलाय म्हणाल्या. हात आहे, पण नकाशात नाही. दुसरी गंमत म्हणजे, समोरच्याचं पाहून तसंच करायची ओढ प्रत्येकाच्या मेंदूत असते, लहान मूल त्यावरच सगळं शिकतं. मोठेपणी मेंदू त्या ओढीला लगाम घालतो. माझा लगाम सुटलाय. भावोजी समोर बसून नाक खाजवतात, की हा लगेच वर येऊन माझं नाक खाजवतो. ते चष्मा सारखा करतात, हा माझ्या डोळ्यांशी येतो. मला चष्मा नाही! पहिले दोन दिवस आम्ही दोघं पोट धरून हसलो. मग एकदा भावोजी बाजारात गेले होते, समोरच्या खुर्चीत कुणी नव्हतं, आणि हात उठला.

समोर कुणी नसताना हा कुणाचं पाहून करतो?

मी गप्प बसून बघत राहिले. अंगठा आणि पहिलं बोट जुळवून त्यानं हवेत काहीतरी घट्ट धरलं, थोडा वेळ तसाच राहिला, मग सोडलं. पुन्हा जरा खाली धरलं, मग आणखी खाली. तिथं अडखळला. बोटं तिथंच चाचपडत राहिली, मग ती जागा सोडून खाली गेली. रोज सकाळी हेच. वरून तिसऱ्या ठिकाणी आला की चाचपडतो.

भावोजींना सांगितलं. आयुष्यभर पोरांना भूमिती शिकवलेला माणूस, त्यांनी हवेत पट्टी धरून अंतरं मोजली! म्हणाले, "हा शर्टाची काजं धरतोय. बटण दुसरा हात लावत असणार."

 त्यानंतर लक्ष ठेवलं, तर त्याची सगळी कामं अर्धीच असतात. बाटली धरतो, झाकण फिरवत नाही. खिळा धरतो, हातोडा मारत नाही. धरायचं काम तेवढं करतो, बाकीचं कुणीतरी दुसरं करत असल्यासारखा निवांत थांबतो.

खरं सांग, डावऱ्या. तुझ्या शर्टाचं तिसरं बटण कसं आहे?

आणखी एक. सकाळी उठते तेव्हा या तळहातावर नखांच्या चार खुणा असतात. मी नखं कापली, तरी उमटतात.

ताई


७ जुलै

अरे डावऱ्या,

कार्ड आलं. इतक्या वर्षांत पहिलं, आणि त्यावर काय, तर एक ओळ. "तिसरं बटण तुटलंय, तुला कुणी सांगितलं?" ना तब्येत कशी आहे, ना मेलीस की जगलीस. तरी मी ते कार्ड उशीखाली ठेवलंय, हसायचं असेल तर हस.

भावोजींनी कार्ड दोनदा वाचलं आणि ते खोलीतून उठून गेले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "योगायोग असतो, शर्टाची बटणं तुटतातच." बरोबर आहे. तुझ्या शर्टाची तर नेहमीच तुटायची.

मग त्यांनी एक प्रयोग केला. रबरी हात हवा होता, त्यांच्याकडचा अगदीच बाजारी, रंग उडालेला. मी म्हटलं, बाई, हातच्या कंकणाला आरसा कशाला, माझं घर हातांनी भरलंय. भावोजींना कपाटातून तो आणायला सांगितलं. तो, जो तू माझ्या टेबलावर टाकून गेलास.

आठवतंय ना? वखारीतल्या करवतीनं तुझा पंजा गेला, तुझा डावा, ज्यानं तू जेवायचास, लिहायचास, सगळं करायचास, ज्याच्यामुळं तुझं नाव पडलं. डावा हात करायचा तर उजव्याचा ठसा घेऊन उलटा करावा लागतो. तू प्लास्टरमध्ये हात घालायला बसेनास. मग मी माझ्याच डाव्याचा ठसा घेतला, आपल्या दोघांचे अंगठे सारखेच, बापाच्या वळणाचे, आणि बायकांत माझेच पंजे तेवढे पैलवानी. रंग मी स्वतः चढवला, मनगटावरच्या शिरासुद्धा. तू तो घातलास, उलटासुलटा करून पाहिलास आणि म्हणालास, "हा माझा हात नाही. हा तुझा आहे. ठेव तुझ्याकडेच." मग तू ओरडलास, मी ओरडले, तू म्हणालास सगळं तुझंच चुकतं, आणि मी म्हणाले, "एका हातानं टाळी वाजत नाही."

म्हण आहे ती! मी घरी तयार केलेली नाही. सगळी दुनिया म्हणते.

तर प्रयोग. डॉक्टरीणबाईंनी खरा डावा हात पुठ्ठ्याच्या आड ठेवला, तुझा रबरी माझ्यासमोर मांडला, आणि दोन ब्रश घेऊन दोन्हींवर एकाच वेळी, एकाच बोटावरून फिरवायला लागल्या. चांगल्या मेंदूलाही थोड्या वेळानं रबरी हात आपला वाटायला लागतो म्हणे. मला थोडा वेळसुद्धा लागला नाही. ब्रश टेकला आणि मला तो रबरात कळला. गार, ओला, अगदी स्पष्ट. मी म्हटलं, "हा माझा." मग त्यांनी पुठ्ठा काढला, तर आडचा हात पालथा पडला होता, आणि त्याला ब्रश लागल्याचं मला काही कळलंच नव्हतं.

म्हणजे तू म्हणालास तेच खरं झालं. रबरी हात माझा. आणि तुझा माझ्याकडे राहिलाय.

आता खरी अडचण सांगते, कारण हातचं राखून लिहायची मला सवय नाही. (आहे. गेल्या पत्रात हे लिहायचं टाळलं होतं.) वर्कशॉपमध्ये परत गेले, तर घासायच्या मशीनचं बटण दाबताक्षणी यानं माझं उजवं मनगट पकडलं. असं पकडलं की निळं झालं. मी मशीन बंद केलं, त्यानं सोडलं. पुन्हा चालू केलं, पुन्हा पकडलं. पहिल्यांदा मला राग आला. मग पाहिलं, तर तो थरथरत होता. डावऱ्या, त्याला पात्याच्या आवाजाची भीती वाटते रे.

पण मला काम आहे. शाळेतल्या एक बाई खडू धरायला बोटं हवीत म्हणून थांबल्यात, तो नखंवाला गृहस्थ थांबलाय. हे हात करणं सुटलं तर मी नुसती भावोजींची बायको उरेन, आणि ते काम मला कधीच नीट जमलेलं नाही. डॉक्टरीणबाई म्हणतात, इंजेक्शन आहे. दंडात आणि मनगटात दिलं की हात सैल पडतो, पकडत नाही, उठत नाही. काही महिने झोपल्यासारखा राहतो, उतरलं की पुन्हा द्यायचं. वीस तारखेची वेळ दिलीय.

मी हो म्हटलंय. पण हात तुझा आहे. तुला विचारल्याशिवाय झोपवू कशी?

ताई

ता. क. हल्ली आणखी एक करतो. दिवसातून केव्हातरी छातीच्या उंचीवर उठतो, तळवा समोर करून, बोटं जुळवून, आणि नुसता थांबतो. दुखून खाली येईपर्यंत. काही धरत नाही. हे कसलं अर्धं काम आहे ते भावोजींच्या भूमितीतही बसत नाही.


१६ जुलै

डावऱ्या,

तुझं दुसरं कार्ड भावोजींनी वाचून दाखवलं, कारण माझ्या डोळ्यांना नीट दिसत नव्हतं. डोळ्यांना काही झालेलं नाही.

तू लिहिलंस, पंजा गेल्यापासून तो गेलेला हात तुला जाणवत होता, मूठ आवळलेली, नखं तळव्यात रुतलेली, आणि उघडता येत नव्हती. इतकी वर्षं. आणि मला वाटायचं की तू तुसडा आहेस. लिहिलंस, "मे महिन्यात एका सकाळी मूठ गेली. दुखणं गेलं, सगळंच गेलं. तिथं आता काही नाही. हात तेव्हा गेला नव्हता ताई, आत्ता गेला. इंजेक्शन देऊ नकोस. किंवा दे. मला काही कळत नाही."

डॉक्टरीणबाईंना सांगितलं. तुटलेल्या हाताची मूठ दुखणं हे त्यांच्या ओळखीचं आहे, हात गेला तरी नकाशातून जात नाही म्हणाल्या. मी विचारलं, "मग त्याच्या नकाशातला हात माझ्या खांद्याला येऊ शकतो का?" त्या हसल्या नाहीत. "नाही," म्हणाल्या, आणि मग, "तुम्ही दोघं एकदा भेटा."

वीस तारखेला दुपारी आहे. इस्पितळाचा पत्ता मागं लिहिलाय. ये असं मी म्हणत नाही. म्हटलं तर तू येणार नाहीस.

ताई


२४ जुलै

चोरा,

हो, चोरच. तू मला फसवून हात घेऊन गेलास.

तू दारात उभा राहिलास, केस पांढरे झालेले, तिसरं बटण नसलेला तोच शर्ट घालून, आणि म्हणालास, "कुठंय?" तब्येत-बिब्येत नाही, "कुठंय?" जणू छत्री विसरून गेला होतास. भावोजींनी स्टूल पुढं केलं, तू माझ्यासमोर बसलास, गुडघ्याला गुडघा लावून, लहानपणी शिवाशिवीत पकडला गेलास की बसायचास तसा. परिचारिका इंजेक्शनची ताटली घेऊन उभी होती. आणि तो उठला. छातीशी, तळवा तुझ्याकडे.

मी म्हणाले, "हे बघ, हेच करतो. काय हवंय याला?"

तू बघत राहिलास. मग तुझं ते वाकडं हसू हसलास आणि म्हणालास, "ताई, तूच तर म्हणाली होतीस." उजवा हात उचललास आणि त्याच्यावर टाळी दिलीस.

काय वाजली रे! बाहेरच्या बाकावरची माणसं वळून बघायला लागली.

मला चटका बसला. तळव्याला. मला. तुझ्या घट्टे पडलेल्या हाताचा खरखरीतपणा कळला, ऊब कळली, आणि हात माझ्या मांडीवर पडला, जड, माझा. डॉक्टरीणबाईंनी धावत येऊन विचारलं, "हा कुणाचा?" मी म्हटलं, "माझा," आणि भोकाड पसरलं. भावोजीही रडत होते, चष्म्याच्या आड दिसत नाही असं त्यांना वाटतं. इंजेक्शन परत गेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मेंदू कधी कधी अशी दुरुस्ती स्वतःच करतो, पुष्कळदा थोड्याच काळापुरती असते, बघत राहू.

हे सगळं तुला माहीत आहे. तुला वाटतं की माझ्या लक्षात आलं नाही, ते सांगायला हे पत्र. टाळी वाजली आणि तू डाव्या मनगटाचं टोक उजव्या काखेत खुपसलंस. तुझे ओठ पांढरे पडले. मी विचारलं, "काय झालं?" तू म्हणालास, "काही नाही, उकडतंय." चहाला थांबला नाहीस. इस्पितळाच्या फाटकापाशी तू वाकून उभा राहिलास, खिडकीतून पाहिलं मी. मला काय येडी समजतोस? मूठ परत आलीय ना?

तुला माहीत होतं. स्टुलावर बसतानाच तुला माहीत होतं.

मी आता मशीनवर बसते. हात ऐकतो, नखं बसवतो, कुणाच्या नाकाची नक्कल करत नाही. शाळेतल्या बाईंना बोटं मिळाली. सगळे म्हणतात, देव पावला. आणि मी सकाळी उठून तळवा बघते, तर कोरा करकरीत. त्या चार खुणा कुठं आहेत ते मला ठाऊक आहे, आणि मला घास गोड लागत नाही.

आता नीट ऐक. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेला उपाय आहे. आरसा उभा धरायचा, टोक त्याच्या मागं लपवायचं, उजवा पुढं ठेवायचा. आरशात तुला डावा दिसेल. मग दोन्ही मुठी उघडायच्या. दिसतं ते मेंदू खरं मानतो, हळूहळू. आरसा पार्सलनं पाठवलाय, फोडलास तर गाठ माझ्याशी आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण तू ती उघड.


२ ऑगस्ट

डावऱ्या,

आरसा मिळाल्याचं कळवलंस, वापरतोस की नाही ते कळवलं नाहीस. म्हणून मी इथं माझ्यापरीनं सुरू केलंय. रोज सकाळी चहाच्या आधी तुझ्यासाठी एक स्टूल समोर घेते, डावी मूठ आवळते आणि एकेक बोट उघडते. करंगळी आधी, अंगठा शेवटी. भावोजी म्हणतात, याला शास्त्राचा आधार नाही. मी म्हटलं, तुम्ही हवेत काजं मोजलीत ती विसरलात काय?

पहिले दिवस काही नाही. माझा हात, माझी बोटं, रिकामं स्टूल. तुझा तो हात घरात असताना मला त्याची भीती वाटायची, आता तो नाही तर घर भकास वाटतं. हे भावोजींना सांगू नकोस.

आज सकाळी करंगळी उघडायला गेले, तर उघडली नाही. मी थांबले. श्वास धरून बसले. मग ती आपोआप उघडली, मी सांगितल्याशिवाय, पण सावकाश, पुष्कळ दिवस न उघडलेल्या दारासारखी. मग दुसरं बोट, मग तिसरं. अंगठ्यापाशी फार वेळ लागला. तळवा पूर्ण उघडला तेव्हा त्यावर चार खुणा होत्या, आणि माझ्या डोळ्यांदेखत त्या पुसट होत गेल्या.

तळव्यात काही नव्हतं, मी नीट पाहिलं. पण कुणीतरी मधोमध काहीतरी ठेवल्यासारखं वाटलं. लहान, गोल, गार. बटणाएवढं.

मी मूठ मिटून घेतलीय. हे पत्र उजव्या हातानं लिहितेय आणि डावी उघडणार नाही. भावोजींनी सुईत दोरा ओवून ठेवलाय. शर्ट घालून ये.

ताई